राखीव गोलरक्षकाचा खांदा

“हातमोजे स्वतःचे आहेत ना तुझ्याकडे?” सेक्रेटरींनी विचारले आणि ते खिडकीबाहेर, मैदानावर पाणी मारणाऱ्या माळ्याकडे पाहत राहिले, जणू प्रश्न त्यालाच विचारला होता.

स्टेपनीने मान हलवली. क्लबात त्याला सगळे याच नावाने हाक मारीत. गाडीच्या मागे टांगलेल्या जादा चाकाचे हे नाव त्याला कोणी चिकटवले, हे आता कोणालाच आठवत नव्हते. त्याने त्याचा राग कधी मानला नाही, कारण राग मानण्याइतके ते खोटे नव्हते. तो क्लबाच्या फुटबॉल संघाचा दुसरा गोलरक्षक होता. पहिला गोलरक्षक म्हणजे मास्तर. ते शाळेत चित्रकला शिकवीत आणि कधी आजारी पडत नसत, की कधी लंगडत नसत. त्यामुळे स्टेपनीच्या उमेदीची सगळी वर्षे बाकावर गेली होती. एकदाच, मास्तर बहिणीच्या लग्नाला गेले असताना, त्याला एका मैत्रीच्या सामन्यात उभे केले होते. त्या दिवशी समोरचा संघ मध्यरेषा ओलांडून आलाच नाही, आणि स्टेपनी आला होता त्याहून स्वच्छ कपड्यांनी घरी गेला, असे अजूनही सांगून लोक हसत. तोही हसे.

सेक्रेटरींना पुढचे जे सांगायचे होते ते सरळ सांगण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांनी ते फार सावकाश सांगितले. नदीपलीकडचा मुलूख वेगळा व्हावा म्हणून इतकी वर्षे जे चालले होते, ते अखेर झाले होते. पुलाच्या मध्यावर आता चौकी बसली होती. क्लबाचे मैदान नदीच्या अलीकडे होते, अलीकडच्या प्रांतिक मंडळाच्या मालकीचे होते, आणि त्याचा करार संपत आला होता. मंडळाचे अध्यक्ष रविवारच्या सामन्याला जातीने येणार होते, आणि त्यांच्या नजरेला संघात पलीकडचा माणूस पडू नये, अशी इच्छा त्यांच्या माणसांनी फार गोड शब्दांत कळवली होती. क्लबातले पलीकडचे बाकीचे खेळाडू तिकडे नवा क्लब निघताच आपण होऊन गेले होते. राहिले होते ते एकटे मास्तर. तिकडच्यांनी त्यांना कप्तानपद देऊ केले, तेव्हा “घर तिकडे असलं तरी माझा गोल इकडे आहे,” असे सांगून त्यांनी ते नाकारले होते. अलीकडच्यांनी ते वाक्य तेव्हा डोक्यावर घेतले होते. आता तेच वाक्य त्यांच्या घशात अडकले होते.

“तेव्हा रविवारी तू,” सेक्रेटरी म्हणाले.

स्टेपनीला आनंद झाला. तो त्याने चेहऱ्यावर येऊ दिला नाही, पण जिना उतरताना त्याच्या लक्षात आले, की आपण दोन-दोन पायऱ्या एकदम उतरतो आहोत. आणि तेव्हाच त्याला मास्तरांची आठवण झाली. आनंद मात्र त्यामुळे गेला नाही. तो नुसता चोरट्यासारखा बाजूला सरकून उभा राहिला.

घरी ताई होती. नवरा गेल्यापासून ती धाकट्या भावाकडे राहत होती, आणि पुढच्या खोलीत मशीन टाकून शिवणकाम करीत होती. भावाचा सामना पाहायला ती आजवर कधी गेली नव्हती. बाकावर बसलेला माणूस मला घरी फुकट दिसतो, असे ती म्हणे. त्याने रविवारचे सांगितले तेव्हा तिने मशीन थांबवले, त्याच्याकडे पाहिले, आणि सेक्रेटरींनी दिलेला गोलरक्षकाचा सदरा मागितला. सदरा मास्तरांच्या मापाचा होता. तिने तो त्याच्या अंगावर धरला, दोन्ही कडांना टाचण्या लावल्या आणि बाजूंनी आत घेतला. मास्तरांना काय झाले, हे तिने विचारले. पाय दुखतो आहे, असे त्याने सांगितले. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन बिऱ्हाडांना बातमी पोहोचली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तान त्याच्या दुकानात आला. स्टेपनी बुटांच्या दुकानात विक्रेता होता. दिवसभर लोकांच्या पायांशी गुडघे टेकून बसायचे, शिंगाच्या पट्टीने टाच आत सरकवायची, अंगठा कुठवर येतो ते दाबून पाहायचे, आणि गिऱ्हाईक चार पावले चालून येईपर्यंत वर न पाहता थांबायचे, हे त्याचे काम. कप्तान वेल्डर होता. ठिणग्यांनी त्याच्या पँटवर बारीक भोके पडलेली असत. त्याने काउंटरवरच्या मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात काळे बूट मागितले, बाकड्यावर बसून पाय पुढे केला आणि स्टेपनी खाली वाकताच आवाज उतरवला.

मास्तरांवर हा अन्याय आहे, असे सगळ्या संघाचे मत पडले होते. काल कारखान्यामागे सगळे जमले होते. कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मास्तरांनी या क्लबापायी पुलावर दगड खाल्ले, सायकल मोडून घेतली, आणि आपण त्यांना असे दारात उभे करायचे? कप्तान हे सांगत असताना स्टेपनी नाडी ओवत होता.

“यातून सुटायला एकच वाट आहे,” कप्तान म्हणाला. “तू नाही म्हण. दुसरा कीपरच नाही म्हटल्यावर त्यांना मास्तरांना घ्यावंच लागेल.”

“आणि तुम्ही?”

“आम्ही काय?”

“तुम्ही सगळे नाही म्हणालात तर?”

कप्तानाने मोजा वर ओढला. त्याला पोरे होती, आणि त्याच्या कारखान्याला मिळणारे बहुतेक काम मंडळाकडून येई. हे स्टेपनीला ठाऊक होते, आणि ते त्याला ठाऊक आहे हे कप्तानालाही.

“आम्ही सगळे नाही म्हणालो तर ते बंड होईल,” कप्तान म्हणाला. “तू म्हणालास तर नुसता खांदा दुखेल.”

या बोलण्यातला तर्क बिनचूक होता. निष्ठा सगळ्या संघाची होती, ती खरीही होती, आणि ती व्यक्त करण्याचे काम सर्वानुमते त्या माणसाकडे आले होते ज्याला आजवर दुसरे कुठलेही काम कोणी दिले नव्हते. मास्तरांनी तसे सांगितले आहे का, एवढेच त्याने विचारले.

“मास्तर कशाला सांगतील? असं कोणी तोंडानं मागतं का?” कप्तान उठला, चार पावले चालला, आणि बूट अंगठ्याला लागतात असे मोठ्याने सांगून निघून गेला.

स्टेपनीने बूट पुन्हा खोक्यात ठेवले. कप्तानाला नकार द्यायला त्याच्याकडे भरपूर कारणे होती. सेक्रेटरी, अध्यक्ष, मंडळ, नदी, यांपैकी काहीही त्याने निर्माण केलेले नव्हते. त्याने कोणाची जागा हिसकावली नव्हती. तो फक्त उभा होता तिथेच उभा राहिला होता, आणि जागा चालत त्याच्याकडे आली होती. पण कारणे कितीही बळकट असली, तरी दुपारभर त्याच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत राहिली. मास्तरांचा सरावाचा एक शिरस्ता होता. आपण जितका वेळ गोलात उभे राहू तितकाच वेळ दुसऱ्या गोलरक्षकाने उभे राहायचे, आणि त्या वेळात त्यांनी स्वतः त्याच्यावर चेंडू मारायचे; तेही खरेखुरे, कोपऱ्यात, जोर न राखता. पूर्वीच्या कोचने एकदा कुरकुर केली होती, की जो खेळणार नाही त्याच्यावर वेळ कशाला घालवता. मास्तरांनी त्यावर नुसता पुढचा चेंडू मारला होता. मैदानावर स्टेपनीला गोलरक्षक समजणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याच्याच जागी आता त्याने उभे राहायचे होते.

शनिवारच्या सरावाला मास्तर आले नाहीत. त्यांना बोलावले नव्हते. स्टेपनी गोलात उभा राहिला, आणि त्या संध्याकाळी त्याच्या हाताला जे लागले ते सुटलेच नाही. उंच आलेले, जमिनीलगत घसरत आलेले, कोणाच्या तरी पायाला लागून दिशा बदललेले, सगळे चेंडू त्याच्या पंज्यात येऊन शांत होत होते. कोच दोनदा थांबून पाहत राहिला. “स्टेपनी, हे इतके दिवस कुठं लपवून ठेवलं होतंस?” कोणीतरी ओरडले, आणि सगळे हसले; त्या हसण्यात नेहमीची टर नव्हती. त्याला वाटले, हे असेच चालू राहावे, सराव संपूच नये.

मग एक साधा चेंडू उजवीकडे आला. तो झेपावला, चेंडू धरला, खांद्यावर आपटला, आणि उठला नाही.

सर्वांत आधी कप्तान पोहोचला. स्टेपनीने अजून तोंड उघडले नव्हते.

“खांदा गेला वाटतं,” कप्तान सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, आणि त्याला उठवताना त्याच्या पाठीवर हाताचा तळवा क्षणभर घट्ट दाबला. ते आभार होते. स्टेपनीला आयुष्यात क्लबाकडून मिळालेले ते पहिलेच आभार होते, आणि ते असे लपवून दिलेले होते.

ताईला त्याने तेच सांगितले. मग तो खेळणार नाही म्हणून शेजारणींना सांगायला तीच गेली. भावाला पाठवले नाही.

रविवारी हात गळ्यात बांधून तो एकटाच मैदानावर गेला. ज्या बाकावर त्याची नेहमीची जागा होती, तिथे जखमी माणसाला बसायला परवानगी नव्हती; म्हणून तो प्रेक्षकांत, पायऱ्यांवर बसला. मास्तर बाहेर येतील, टाळ्या पडतील, अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि हे कोणामुळे झाले ते कोणाला कळणार नाही, असे चित्र त्याने मनाशी रंगवले होते. न कळण्यातही एक सुख असेल, असे त्याने ठरवून टाकले होते.

संघ बाहेर आला. सर्वांत शेवटी, गोलरक्षकाच्या सदऱ्यात, बर्फाच्या कारखान्यात गाडी चालवणारा उंच बचावपटू धावत आला. तो जन्माने अलीकडचा होता. सदरा त्याला काखेत इतका तंग होत होता, की हात वर करताना तो पोटावरून उचलला जाई. पर्याय काढायला सेक्रेटरींना फारसा वेळ लागला नसावा. कप्तान सगळ्यांच्या पुढे होता, आणि सरळ समोर पाहत होता.

सामना कसाबसा जिंकला. ड्रायव्हरने एक गोल पायांमधून जाऊ दिला आणि एक छातीवर, बहुधा डोळे मिटून, अडवला. शिट्टी झाल्यावर कप्तानाने त्याला खांद्यावर उचलले. अध्यक्षांनी मैदानात उतरून प्रत्येकाशी हस्तांदोलन केले. एकाच्याही घशात काही अडकलेले दिसत नव्हते, आणि तसे म्हटले तर त्यांचे काही चुकलेही नव्हते. त्यांना जमेल ते त्यांनी केले होते.

पायऱ्या रिकाम्या होत आल्या तेव्हा स्टेपनीला मागे, बऱ्याच वर, मास्तर बसलेले दिसले. शाळेचेच कपडे होते. हातात तिकिटाचा चुरगळलेला तुकडा होता. ते हळूहळू उतरून आले आणि त्याच्या शेजारी बसले. पुलावर आज झडती होती, त्यामुळे उशीर झाला, असे त्यांनी सांगितले.

“तुम्हाला खाली घेतलं नाही,” स्टेपनी म्हणाला. “मला वाटलं, आता तरी घेतील.”

“कशाला घेतील? मीच त्यांना सांगितलं होतं, माझ्यावरून वाद नको, त्याला उभं करा. तो कधीचा तयार आहे.” मास्तर मैदानाकडे पाहत होते. “तिकीट काढून आलो मी. इतकी वर्षं तू मला बघितलंस. म्हटलं, एकदा आपण तुला बघावं.”

माळ्याने जाळी सोडवायला सुरुवात केली होती. मास्तरांनी त्याच्या बांधलेल्या हाताकडे पाहिले.

“पडलास कसा? साधाच चेंडू होता म्हणे.”

मुद्दाम पडलो, हे सांगता आले असते. पण सांगितले असते तर ते ओझे आता मास्तरांना पुलापलीकडे वाहून न्यावे लागले असते, आणि त्यांच्या सायकलीला आधीच पुष्कळ झाले होते.

“चुकलं,” स्टेपनी म्हणाला.

“होतं असं. जप.” यापुढे रोज पूल ओलांडणे जमणार नाही, नोकरीचीही बदली तिकडेच होते आहे, असे काहीसे सांगून मास्तर उठले. त्याच्या डाव्या हाताशी हात मिळवून ते फाटकाकडे गेले, आणि गर्दी पांगलेली असल्यामुळे बराच वेळ दिसत राहिले.

घरी ताईने इस्त्री तापवून ठेवली होती. त्याला अंगातला शर्ट काढायला तिने मदत केली, गळ्यातली पट्टी सोडली, आणि उजेडाकडे पाठ करून बसवले. इस्त्रीवर फडके गरम करून ती त्याच्या खांद्याला शेक देऊ लागली. मधूनमधून ती फडके आधी स्वतःच्या गालाला लावून पाही, फार कढत तर नाही ना म्हणून. बाहेर शेजाऱ्यांच्या घरी सामन्याचे बोलणे चालले होते. तिने उठून खिडकी लावून घेतली आणि परत येऊन बसली.

“इथं दुखतंय?” तिने विचारले.

“नाही, जरा वर,” तो म्हणाला.

तिने फडके जरा वर सरकवले.