न बोललेली साक्ष

मी साक्षीदाराचा पिंजरा बोलतोय. नावाला पिंजरा, पण मला ना गज, ना कुलूप. कंबरेएवढा लाकडी कठडा आणि चढायला एक पायरी, एवढाच माझा पसारा. सुताराने घाईत ठोकल्यामुळे माझा एक पाय आखूड राहिला. खोटं बोलणारा चुळबुळला की मी कुरकुरतो. खरं बोलणारेही चुळबुळतात, म्हणून माझ्या कुरकुरीला कोर्टात कुणी विचारत नाही!

साक्ष झाली की माणूस उतरतो आणि मागे वळूनही बघत नाही. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण एका म्हातारीने माझा जीव टांगणीला लावलाय.

दावा होता इस्त्रीच्या दुकानाचा. थोरला दीर म्हणे, खोली माझी. विधवा भावजय म्हणे, सासऱ्यांनी ती मला दिली, मीच तिथे इस्त्री करत आलेय. साक्षीला सासू आली. ती राहायला थोरल्याकडे, आणि थोरला समोरच बसलेला. सुनेच्या वकीलबाईंनी विचारलं, "ही खोली तुमच्या यजमानांनी कुणाला दिली?" म्हातारीच्या तोंडून शब्द फुटेना. तिने माझा कठडा घट्ट धरला, लेकाकडे पाहिलं आणि बोट सुनेकडे केलं. बोट काही टाईप होत नाही. वकीलबाई लगेच म्हणाल्या, "साक्षीदाराने सुनेकडे बोट दाखवलं, अशी नोंद व्हावी." तशी नोंद झाली.

आणि निकालाच्या दिवशी काय ऐकलं? 'सासूने या प्रश्नाचे उत्तर दिले नाही.' सून हरली. मी नुसता तडफडलो.

कोर्ट उठलं. सून पदर सावरत म्हणाली, "कोर्टानंच सांगितलं. संपलं आता."

"संपलं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "निकाल पटला नाही, एवढ्यावर अपील टिकत नाही. चूक दाखवावी लागते. इथे ती आहे. साक्षीत लिहिलेलं निकालात सुटलंय. पण मुदतीत जायला हवं. आणि तोवर दुकान हातचं जाऊ नये म्हणून स्थगिती वेगळी मागावी लागेल."

"मग आईंना परत उभं करूया. या वेळी बोलतील त्या."

"वरच्या कोर्टात सहसा नवी साक्ष घेत नाहीत, ताई. इथली वाचतात."

म्हणजे तिथे माझं काही काम नाही! मला ते झोंबलं.

सून म्हणाली, "म्हणजे सगळं आईंच्या बोटावर? नको. भाऊजींच्या घरात दिवस त्यांना काढायचेत. मी करीन दुसरीकडे काम."

थोरला गाडी आणायला गेला होता. म्हातारी मागच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होती. ती उठली आणि कुणी पुकारलं नसताना माझी पायरी चढली.

"हिलाच दिली," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्यासमोर दिली."

समोर न्यायाधीश नव्हते, टायपिस्टही निघून गेला होता.

"आजी, हे आता लिहून घेता येणार नाही," वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"ठाऊक आहे गं. लिहिलंय तेच दाखव. घरचं माझं मी बघते."

सुनेच्या खांद्याचा आधार घेत ती उतरली. तिघी बाहेर गेल्या.

तेव्हापासून मला चैन नाही. दार उघडलं की वाटतं, त्यांच्यातलं कुणी आलं. पण वरच्या कोर्टाच्या बातम्या माझ्यापर्यंत येतच नाहीत. तुम्ही कधी साक्षीला आलात, तर शपथ घेण्याआधी मला एवढंच सांगा: ते दुकान उघडं आहे का? आणि म्हातारी आता कुणाकडे राहते?