भंगाराचा हुकूम

खालापूरजवळच्या रंगाच्या कारखान्यात सत्त्याऐंशी साली कंप्युटर आला आणि स्टोअरकीपर आबाजी थोरव्यांची झोप उडाली. तोवर त्यांच्या सहीशिवाय गेटबाहेर खिळासुद्धा जात नसे. गावी दहिवलीत लग्नाच्या पंगतीत बसले तरी ते हे कुणाला तरी ऐकवायचेच.

आता स्टोअरच्या नोंदीत वर्षभर ज्या वस्तूची देवघेव दिसली नाही, ती वापरात असो वा नसो, भंगार समजून कंप्युटर आपणच गेटपास छापणार होता. बसवायला आलेल्या इंजिनिअरने विचारलं, "पास कुणाच्या अधिकारात निघू देत? स्टोअरकीपरांचं नाव टाकतो. त्यांचा अधिकार स्टोअरपुरताच, म्हणजे काळजी नाही."

मॅनेजर दिघेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "कारखाना माझा की थोरव्यांचा? माझं नाव टाका."

आबाजी त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले.

दिघेसाहेबांचा अधिकार साऱ्या कारखान्यावर होता, त्यामुळे यंत्रालाही सारा कारखाना मोकळा झाला. साहेब आठवडाभर रजेवर गेले. परतले तेव्हा गेटासमोर त्यांची जीप आणि भंगारवाल्याचा टेंपो समोरासमोर आले. टेंपोत साहेबांचं सागवानी टेबल होतं, त्यावर पालथी घातलेली त्यांची फिरती खुर्ची.

"हे कुणी काढलं?" साहेब ओरडले.

वॉचमन नागूने सलाम ठोकून पास पुढे केला. "तुमीच, साहेब. तुमचंच नाव हाय."

"मूर्खा, उतरव ते!"

"उतरवतो की. पन गेटाभायेर गेलेला माल आत घ्यायला दुसरा पास लागंल. तुमीच कायदा केलाय."

टेंपोचं मागलं चाक नुकतंच गेटाबाहेर पडलं होतं. स्टोअरच्या खिडकीत उभ्या आबाजींनी तोंडावर रुमाल धरला. खोकला आला म्हणून, असं ते पुढे सांगत.

टेबल परत आलं, पण खुर्ची अजून पासावाचून बाहेरच होती, म्हणून त्या दुपारी साहेबांनी उभ्यानेच इंजिनिअरला फोन केला. "माझं नाव काढा. थोरव्यांचं टाका."

आबाजींनी साऱ्या खात्याला पेढे वाटले. पहिले काही दिवस छाती काढून फिरलेही. मग एकदा त्यांनी टेंपोत एक पितळी व्हॉल्व्ह जाताना पाहिला. तो नेमका एखाद्या जोरदार पावसाळ्यातच लागणारा होता. आबाजी धावले, व्हॉल्व्ह उतरवून घेतला आणि पासावर आपलंच नाव वाचून घामाघूम झाले. यंत्राने त्यांना काही विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला? परवानगी तर त्यांचीच होती.

त्यानंतर आबाजींची रजा बंद झाली. घरात पाहुणे असोत की अंगात ताप, ते सगळ्यांच्या आधी गेटावर हजर.

"काय रं नागू," ते हळू आवाजात विचारायचे, "आज मी काय काय विकतोय?"