छताखालचं वीतभर लोखंड

"हात काढ! आधी बादली, मग पाना," झखार तिमोफेइच ओरडले.

"अहो, तळघरातनं सगळं पाणी काढून टाकलंय. येफिम प्लंबरनं स्वतः सांगितलंय," त्यांचा जावई रोदिओन वैतागून म्हणाला.

"येफिम काय, रोजच सांगतो. नट अर्धा फेरा सैल कर आणि थांब."

अर्धा फेरा फिरला आणि शाईसारखं काळं पाणी फसफसत बादलीत आलं. रोदिओननं बादली पायानं आणखी आत सरकवली.

खोली गरम ठेवणारा, सात फासळ्यांचा बिडाचा रेडिएटर. गेल्या हिवाळ्यात त्याला तडा गेला, तो म्हाताऱ्यानं चिंध्या आवळून कसाबसा निभावला. त्याच्या जोडीला गंजलेला उभा पाइपही बदलायचा होता. आज संध्याकाळी इमारतीतल्या रेडिएटरना हिवाळ्याचं गरम पाणी सुटणार होतं.

"सरका, मी एकटा उचलतो."

"उचल की, पैलवान! बायकोला आधी कळव, उद्यापासून नवऱ्याला भरवायचंय म्हणून."

शेवटी दोघांनी मिळून ते धूड घोंगडीवर आडवं केलं आणि ओढत दाराशी नेलं. परत येऊन झखारांनी जावयाची पिशवी उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा प्लॅस्टिकचा पाइप कशाला? लोखंडी आण म्हटलं होतं ना?"

"त्याला वेल्डिंग लागतं. वेल्डर गेलाय गावी बटाटे काढायला. अख्खं शहर बटाट्यात आहे, तिमोफेइच!"

"प्लॅस्टिकमधून ठोका जात नाही रे."

"ठोका? आपल्याला पाणी जायला हवंय का ठोका?"

काय सांगणार त्याला? वरच्या मजल्यावर अग्राफेनाबाई एकट्या राहत. चाळीस वर्षं चर्चच्या गायनमंडळात गायलेली बाई; आता पाय गेले, गळाही गेला. पण देवाला हाक मारायला गळाच लागतो असं थोडंच आहे? रोज सहाला, संध्याप्रार्थनेच्या वेळी, त्या चमच्यानं सगळ्या मजल्यांतून जाणाऱ्या उभ्या लोखंडी पाइपवर तीन ठोके देत. प्रभू, दया कर. प्रभू, दया कर. प्रभू, दया कर. खालून झखार तीन ठोके परत देत. बायको गेल्यापासून त्यांची प्रार्थना हीच, आणि शेजारणीची खबरबातही हीच. ठोके आले नाहीत तर किल्ली घेऊन वर धावायचं, असं ठरलेलं.

तेवढ्यात येफिमचा फोन आला. "साडेपाचला पाणी सोडतोय. तुमचं जोडून झालं नसेल, तर तुमच्या उभ्या पाइपवरची पाचही घरं बंद ठेवून मी निघालो. आता सोमवारीच. माझेही बटाटे जमिनीतच आहेत, आजोबा."

सोमवारपर्यंत चार रात्री. खिडकीच्या काचेवर दुपारीच गारठ्याचं धुकं धरलं होतं. वर ती बाई आत्ताच कोट घालून अंथरुणात बसलेली असणार. म्हणजे तिला ऊब द्यायची, तर तिचा आवाज तोडायचा! झखारांनी हातातला पाना जमिनीवर आपटला.

"कर. प्लॅस्टिकच कर," तो पुन्हा उचलत ते म्हणाले. "पण कापताना छताखाली जुन्या पाइपचं वीतभर लोखंड राहू दे."

"घाण दिसेल ते."

"तुला नाही राहायचं इथं."

साडेपाचला नवा रेडिएटर गुरगुरला. झखारांनी प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद फिरवला, कुठे ओल लागते का पाहिलं. कागद कोरडाच राहिला. रोदिओन खूश होऊन चहा ठेवायला गेला.

सहा वाजले. टण्, टण्, टण्. आवाज रोजच्यासारखा खुर्चीशेजारून नाही, डोक्यावरून आला.

झखार चमचा घेऊन स्टुलावर चढले. हात ताणला. दोन बोटं कमी पडली. त्यांनी प्लॅस्टिकवर ठोकून पाहिलं. उशीवर ठोकावं तसा आवाज झाला.

वरून पुन्हा तीन ठोके आले, या वेळी घाईचे.

"थांब ग बाई, थांब," ते पुटपुटले आणि भिंतीला गाल टेकवून त्यांनी टाचा उचलल्या. स्टूल डुगडुगलं. चमच्याचं टोक लोखंडाला लागलं. एक. दोन.

चहाचे कप घेऊन आलेला रोदिओन दारातच थांबला. मग कप खाली ठेवून तो पुढे आला आणि त्यानं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

तीन.