लाल रेघेच्या आत बूट

बंद पडलेली हॉस्पिटलं बघत हिंडायचा मला नाद आहे. लोक सुट्टीला बागेत जातात, मी एक्स-रे रूममध्ये जातो. आतापर्यंत सात झाली. ना पेशंट, ना इंजेक्शन. डॉक्टरच्या खुर्चीत ऐटीत बसायचं आणि बायकोला 'जीभ दाखवा' म्हणायचं. ती दाखवत नाही, ती गोष्ट वेगळी.

आठव्याला सासूबाईंनाही घेऊन गेलो. खुब्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेले. हाड जुळलं, पण त्या पाऊल टाकायलाच तयार नाहीत. 'आता उठल्या नाहीत, तर खुर्ची कायमची,' असं डॉक्टरांनी बजावलेलं. आम्ही विनवण्या केल्या, चिडलो, बायको तर रडलीसुद्धा. आई ढिम्म.

हे हॉस्पिटल त्यांचंच. एकतीस वर्षं त्या इथल्या ऑपरेशन थिएटरच्या हेड सिस्टर. सर्जनसुद्धा टरकून असायचे. वॉचमन माझा दोस्त, त्याने भरदुपारी कुलूप काढून दिलं. व्हीलचेअर ढकलत आम्ही थिएटरच्या दारात आलो. फरशीवर फिकट लाल रेघ. तिच्यापुढे बाहेरची चप्पल नेणाऱ्याची आई सालटी काढायच्या.

मी बुटांसकट रेघ ओलांडली.

"जावईबापू, बूट."

"कुठेत?"

"पायात! काढा आधी!"

"आता इथं कुणाचं ऑपरेशन आहे, आई? पालीचं?" म्हणत मी टेबलावर चढलो आणि पाय वर घेतले.

"अगं, ढकल मला आत!" त्या बायकोवर ओरडल्या.

बायकोने खुर्ची पुढे घेतली. चाक रेघेला टेकणार, तेवढ्यात आईंनीच ब्रेक दाबला. "थांब! ही चाकं रस्त्यावरून आलीत."

मी बुटाची टाच टेबलावर घासली. कर्रर्र.

"ए गाढवा! ऊठ तिथून!"

बावीस वर्षांत सासूबाईंनी मला कधी 'अरे-तुरे' केलं नव्हतं. अंगावर मूठभर मांस चढलं. मी आणखी ऐसपैस आडवा झालो.

चप्पल पडल्याचा आवाज आला. मग दुसरी. मी डोळे गच्च मिटले. त्या पडल्या असत्या, तर बायकोने मला त्याच टेबलावर उभा चिरला असता.

एका डोळ्याने हळूच बघितलं. आई भिंत धरून येत होत्या. मग भिंत संपली, तरी येत होत्या. मागोमाग बायको, अनवाणी, दोन्ही हात पुढे करून, पण न शिवता.

नवव्या पावलाला माझा कान पिरगळला गेला.

"आई, तू चालत आलीस!" बायकोला हुंदका आवरेना.

"मग काय, या दांडगटाला न्यायला स्ट्रेचर मागवू?"

"खुर्ची आणू का?" मी कळवळत विचारलं.

"आत आणलीस तर याद राख."

बूट माझ्या हातात, कान त्यांच्या मुठीत, अशी आमची वरात रेघेबाहेर आली. खुर्ची तिथंच उभी होती. आईंनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पायांत चपला सरकवल्या, मान वर केली.

"ते स्टोअरचं दार उघडं कुणी टाकलंय? चल रे, बघू."