प्रहऱ्यांची हजेरी

माझ्याकडे एक हजेरीपुस्तक आहे. त्यात बारा नावं आहेत आणि ते बाराही जण प्लास्टिकचे आहेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या ब्लॉकमध्ये ते आता कोणापासून लपलेलं नाही.

मी विजयकुमार, भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये टाइम ऑफिसात क्लार्क. आलेल्याला 'पी' लावायचा, न आलेल्याला 'ए', आणि प्लांटनंच कामासाठी दुसरीकडे पाठवलेल्याला 'डी', म्हणजे डेप्युटेशन. डीवाला माणूस समोर नसतो, पण गैरहजरही नसतो. एवढी साधी गोष्ट लोकांना समजावता समजावता माझे निम्मे केस गेले.

उरलेले निम्मे 'तारा प्रहरी'पायी गेले. अठ्ठ्याऐंशी साली रविवारी सकाळी टीव्हीवर हे कार्टून लागायचं, हिंदीत. आकाशगंगेच्या वेशीवर पहारा देणारे नऊ वीर आणि त्यांच्यावर चालून येणारे तीन दुष्ट. मी तेव्हा बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो, चांगल्या मिशा होत्या. शेजारची पोरं पुढे बसवून मी मागे बसायचो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, पोरांवर लक्ष ठेवून आहे. शेवटचा भाग यायच्या आधीच मालिका बंद झाली आणि त्या जागी खतांवरचा कार्यक्रम सुरू झाला. मी अजून ते माफ केलेलं नाही.

त्या बारा जणांच्या चार-चार इंची फिगर बाजारात आल्या होत्या. हात-पाय वळायचे, मान फिरायची. नायक अग्निबाहू मी दुर्गच्या एका दुकानातून आणला. दुकानदाराला सांगितलं, भाच्यासाठी हवाय. मला तेव्हा भाचा नव्हता आणि आजही नाही. वर्षभरात त्या फिगर बनणंच बंद झालं. मग पुढची आठ वर्षं मी कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या भंगारातून एकेक गोळा करत अकरापर्यंत आलो. राहिला तो खेकड्याच्या डोक्याचा कर्कटराज. त्याचा उजवा पंजा काढता-घालता यायचा, म्हणून पोरांनी तो आठवड्याभरात हरवलेला असायचा. मला पंजासकट हवा होता. बिनपंजाचा कर्कटराज म्हणजे नुसता खेकडा.

माझी बायको साधना त्यांना बाहुल्या म्हणते. मी फिगर म्हणतो. लग्नानंतर आमचं एवढ्या एकाच मुद्द्यावर कधी जमलं नाही. प्रत्येक फिगर कापसात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आणि डबा दिवाणाखाली, अशी व्यवस्था होती. दर रविवारी डबा उघडून मी हजेरी घ्यायचो. आमचा चिनू सव्वा वर्षाचा होता. तो रांगत डब्याकडे आला की मी त्याला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवून यायचो. बाप म्हणून हे शोभत नव्हतं, पण त्याच्या हाताला नेहमी काहीतरी चिकट लागलेलं असायचं.

सत्त्याण्णव सालची संक्रांत. सकाळी आमच्या ऑफिसातला शिपाई कवडू मरोद्याहून आला तोच वर्तमानपत्राची पुडी घेऊन. त्यानं नवं बिऱ्हाड केलं होतं आणि त्या घराच्या माळ्यावर जुन्या भाडेकरूचं सामान पडलं होतं. पुडीत कर्कटराज होता. पंजासकट. मी कवडूला माझे नवेकोरे सेफ्टी शूज देऊन टाकले आणि स्वतः चपला घालून दुपारी स्कूटरवर घरी आलो. जेवायच्या आधी डबा उघडला, कर्कटराजाला कापसात झोपवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बारा पी लावले. वेळही लिहिली, एक वाजून वीस मिनिटं. मला खरंच भरून आलं. साधना म्हणाली, वरण थंड होतंय.

त्या संध्याकाळी चिनूचं बोरन्हाण होतं. त्यासाठी माझी आई गिरजाबाई मुद्दाम वर्ध्याहून आली होती. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं तिनं आणलं होतं. बायकांच्या कार्यक्रमात आपलं काय काम, म्हणून जेवून परत ऑफिसला गेलेला मी निवांत निघालो. दुपारी डबा दिवाणाजवळच राहिला होता, हे माझ्या लक्षातही नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा दारात पन्नासेक चपला होत्या आणि पोरं जिन्यावरून खाली उतरत होती. एकीच्या फ्रॉकच्या ओच्यात बोरं, दुसऱ्याच्या हातात उसाचे तुकडे. तिसऱ्याच्या मुठीतून एक निळा पाय बाहेर आला होता. तो पाय मी ओळखतो. लोहमुखाचा डावा पाय, गुडघ्यावर बारीक चरा असलेला.

मी आत धावलो. पाटावर चिनू बसला होता, चहूकडे मुरमुरे, शेंगा, गोळ्या. दिवाणाजवळ डबा उघडा, रिकामा. देवासमोर निरांजनं लागली होती आणि त्यांत कापसाच्या नव्या वाती होत्या. त्या कापसालाही मी ओळखलं.

"आई, डब्यातलं कुठं गेलं?"

"डोक्यावरून टाकलं ना लेकराच्या," आई आनंदात म्हणाली. "बोरासंग खेळणी टाका लागतेत. मले वाटलं तूच आणून ठेवलं असंन. किती गोड लुटलं पोरायनं."

मी खाली बसलो. आईला माझा चेहरा बघून काळजी वाटली आणि तिनं मला तिळाचा लाडू दिला. मग मी नऊ वर्षांचा हिशोब सांगितला. तिनं शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "असंन बाप्पा. पण लुटलेलं वापस नाई मांगत. लेकराच्या डोक्यावरून उतरलं ते गेलं. मांगून आणशीन तं त्याची इडापिडाबी वापस येईन."

मी साधनाकडे पाहिलं. ती आईच्या बाजूनं होती. एरवी या दोघींचं मिठाच्या प्रमाणावरूनसुद्धा एकमत होत नाही. तेवढ्यात चिनूनं तोंडातून काहीतरी काढून मला दाखवलं. कर्कटराजाचा पंजा होता, दोन दातांच्या खुणांसकट. माझ्या संग्रहात तेवढंच उरलं होतं.

मागायचं नाही असं ठरलं. पण बदल्यात काही देऊन घेतलं तर ते मागणं होत नाही, असा अर्थ मी लावला. टाइम ऑफिसात नियमांचे अर्थ लावायची सवय होतेच. दुसऱ्या दिवशी खिशात चॉकलेटं भरून मी ब्लॉकमध्ये फिरलो. पोरांनी चॉकलेटं खाल्ली आणि विचार करून सांगतो म्हणाली. लोहमुखवाल्यानं बदल्यात माझी स्कूटर मागितली.

खालच्या मजल्यावर अन्नपूर्णा अम्मा राहतात, मूळच्या आंध्रातल्या. संक्रांतीला त्यांच्याकडे पायऱ्या रचून बाहुल्यांची मांडणी करायची पद्धत आहे. मी गेलो तर वरच्या पायरीवर राम-सीता, खाली लाकडी वरात आणि वरातीच्या पुढे कर्कटराज, कपाळाला कुंकू लावलेला. त्यांच्या नातवानं लुटून आणला होता. अम्मांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला. आता समोर मांडणी, हातात प्रसाद, मी काय करणार? मी कर्कटराजाला नमस्कार करून वर आलो.

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी हरल्यासारखा जिन्यात बसलो होतो. समोरच्या क्वार्टरमधली कमलिनी आली, शेषरावांची मुलगी, दुसरीतली. तिच्या हातात माझा अग्निबाहू होता. त्याला तिनं चिंधीचा लाल शर्ट शिवून घातला होता.

"काका," ती म्हणाली, "याचं नाव काय हाये? हा करते काय?"

नऊ वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. साधनानं सुद्धा नाही. मी नाव सांगितलं. मग वेशीवरचा पहारा सांगितला. पहिला भाग संपेपर्यंत जिन्यात पाच पोरं जमली होती, दुसरा संपेपर्यंत नऊ. त्यांत हिंदी बोलणारी, तेलुगू बोलणारी सगळी होती, म्हणून मी हिंदीत शिरलो आणि माझी ती हिंदी पोरांनी सहन केली.

खरं सांगतो, माझ्या मनात कपट होतं. मी जाहीर केलं की दुसऱ्या दिवसापासून गोष्ट रोज पाच वाजता होईल आणि ज्याच्याकडे जो प्रहरी आहे त्यानं तो घेऊन यायचा. मी शालीखाली रिकामा डबा घेऊन बसलो. बाराही जण एका जागी आले की गोष्ट संपता संपता डब्यात घालायचे, असा बेत होता. मी हजेरीपुस्तक काढलं आणि नावं पुकारली. लोहमुख, हजर. अग्निबाहू, हजर. कर्कटराज आला, पण पंजा चिनूकडे. साधना चिनूला कडेवर घेऊन आली, मी पंजा पुसून बसवला आणि पी लावला. बारा.

मी डब्याचं झाकण उघडलं. तेवढ्यात अम्मांच्या नातवानं विचारलं, "अंकल, आगे क्या हुआ?" मी पुढचं सांगायला लागलो आणि झाकण तसंच राहिलं. उद्या घालू डब्यात, असं मी मनाशी म्हटलं. ते मी बरेच दिवस रोज म्हणत राहिलो.

हजेरी मात्र कडक होती. लोहमुखवाल्या पोराला ताप आला तेव्हा मी ए लावला, तर त्याची आई माझ्याशी भांडायला वर आली आणि मला तो खोडून मेडिकल करावा लागला. टीव्हीवर न आलेला शेवटचा भाग मी मनानंच रचला. त्यात कर्कटराज सुधारतो. पोरांना ते पटलं नाही, म्हणून मी त्याला परत बिघडवला आणि गोष्ट चालू राहिली.

फिगरची पार दैना झाली. रंग उडाला, एकाची मान ढिली झाली, दोघांच्या हातांची आपसात अदलाबदल झाली. मला रोज वाईट वाटायचं आणि पाच वाजायची रोज वाट पाहायचो.

जूनमध्ये शेषरावांची बदली झाली, प्लांटच्याच नंदिनी गावातल्या चुनखडीच्या खाणीवर. ट्रक खाली उभा होता आणि कमलिनी आमच्या दारात आली. रुमालात बांधलेला अग्निबाहू तिनं माझ्यापुढे धरला. लाल शर्ट धुऊन आणला होता.

"आईनं सांगतलं, काकाले वापस देऊन ये. त्याइचा हाये."

माझा हात आपोआप पुढे गेला. माझा पहिला प्रहरी. दुर्गच्या दुकानातून खोट्या भाच्यासाठी आणलेला. हा मी कोणाकडे मागितला नव्हता, आपल्या पायानं आला होता. आईच्या नियमातही बसत होतं. स्वयंपाकघराच्या दारातून साधना बघत होती. कमलिनी रडत नव्हती, फक्त रुमालाची गाठ तिच्या मुठीतून अजून सुटली नव्हती.

मी हात मागे घेतला.

"लुटलेलं वापस नाई करत," मी म्हणालो. "तुले मालूम नाई?"

तिनं थोडा विचार केला. "पण मंग याले रोज ए लागन ना."

"ए कावून लागन? नंदिनीच्या वेशीवर कोणी पहारेकरी नाई. मीच पाठवून राहिलो त्याले."

ती उड्या मारत जिना उतरली. ट्रक गेल्यावर मला एकदम फार वाईट वाटलं आणि मी तसं साधनाला सांगितलं. ती म्हणाली, "पाच वाजले. फिगर वाट पाहत असतीन तुमची." पहिल्यांदाच ती फिगर म्हणाली.

मी खाली गेलो, पुस्तक उघडलं. अकरा पी आणि एक डी. टाइम ऑफिसच्या नियमाप्रमाणे ही पूर्ण हजेरी धरतात.