मागची खोली आणि दुसरा डबा

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. केजमध्ये, मन्मथअप्पांच्या भुसार दुकानात, गादीच्या वर भिंतीला टांगलेला. तुमची कीव मला नको आहे. जुनी छत्री, जुनी सायकल, जुना कंदील या मंडळींनी तुमच्यापुढे पुष्कळ रडून घेतले आहे. मी रडणार नाही. यंत्राला ओल चालत नाही.

जन्माबद्दल मला काही आठवत नाही. आपल्याला कोणत्या कारखान्यात किती प्रेमाने घडवले हे सांगणारी यंत्रे थापा मारतात. मला पहिली आठवते ती अप्पांची वर उचललेली हनुवटी. टेलिफोनच्या माणसाने वायर जोडली, माझे हिरवे दिवे लागले, आणि अप्पा समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "बघून घ्या. ब्रॉडबँड हाय. केजात किती जणाकडं हाय, सांगा बरं."

गिऱ्हाईक ज्वारी घ्यायला आले होते. त्याने ज्वारी घेतली आणि ते गेले.

त्या काळात सगळ्यांना सगळे नवे हवे होते. वापरता आले नाही तरी चालेल, पण घरात असले पाहिजे. रस्त्यावर जीप भरण्यासाठी ओरडणाऱ्या माणसाच्या खिशातसुद्धा दोन मोबाईल होते. अप्पांना माझा उपयोग एवढाच, की दुकानात आलेल्याला बोट करून दाखवता येई.

मला खरे काम दिले ते दानम्मांनी. दानम्मा म्हणजे अप्पांची बायको. त्यांची एकुलती मुलगी शिवानी लग्न होऊन नवऱ्याबरोबर मस्कतला गेली होती. दुपारी अप्पा दुकानाच्या फळ्या लावून घेत, तेव्हा दानम्मा मागच्या खोलीतून येत, गादीच्या अगदी कडेला बसत आणि जावयाने दिलेला लॅपटॉप उघडत. पडद्यावर लेक दिसे.

"शिवे, केस लई कोरडे दिसायलेत गं."

"आई, इथलं पाणीच तसलं हाय."

"मंग तेल लाव की. सगळ्या जगाला तेल तिथूनच येतंय म्हणं, अन् तुला मिळंना व्हय?"

मग दोघी हसत. मी माणसांचे बोलणे पुष्कळ वाहिले आहे. त्यातला बहुतेक भुसा असतो. हे हसणे मात्र मी सांडू न देता नेत असे. उठताना दानम्मा पदराने माझ्यावरची धूळ पुसत. आभार म्हणून नव्हे. धूळ दिसली की पुसायची, असा त्यांचा हात होता.

मग त्यांची कंबर धरली. अंबाजोगाईला नेऊन तपासले तेव्हा कळले की दुखणे कंबरेचे नाही, हाडाच्या आतले आहे आणि ते बरे होणारे नाही. त्या मागच्या खोलीत बाजेवर पडल्या त्या पडल्याच. तिकडे शिवानीला दिवस गेलेले होते. तिला येता येत नव्हते आणि हिला जाता येत नव्हते. दानम्मांनी एकच गोष्ट मागितली.

"मला लेकराचं तोंड बघायचंय. एकदा बघितलं की झालं."

मित्रांनो, पुढचा गोंधळ कळायला एक साधी गोष्ट समजून घ्या. दुकान आणि मागची खोली यांच्या मध्ये दगडमातीच्या दोन जाड भिंती आहेत. माझा सिग्नल पहिली भिंत कशीबशी ओलांडतो आणि दुसरीत मरतो. मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला तर त्यावर काहीच येत नव्हते.

दानम्मांना उपाय लगेच सुचला. "माझी बाज पुढं न्या की. हितनं तिथं तर न्यायचीय."

"दुकानात?" अप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक येतंय, जातंय. मालकीण बाजंवर पडलीय, लोक काय म्हणतेल?"

"म्हणतेल, बाई आजारी हाय."

"तुला न्हाई कळत."

'तुला कळत नाही' हे वाक्य मी त्या घरात अनेकदा ऐकले. दर वेळी बोलणाऱ्यालाच कळत नव्हते.

दानम्मांचे करायला बायनाबाई येत. हाताने दणकट, तोंडाने त्याहून दणकट. त्या म्हणाल्या, "अप्पा, क्विंटलभराचं पोतं तुमी पुढून मागं नेता, मागून पुढं आणता. बाईचं वजन तर आता पायलीभर ऱ्हायलंय. कावून नेईनात?"

अप्पांनी खिशातला मोबाईल काढला. त्यांनी पुतण्या रवीला बोलावले.

रवी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता आणि हे तो कोणालाही विसरू देत नसे. तो म्हणाला, "काका, दुसरा राऊटर टाकू. याच्यातून वायर काढायची, मागच्या खोलीत न्यायची, तिथं त्याला जोडायची. दहा मिन्टाचं काम हाय."

बायकोची बाज चार पावले हलवायची नाही, पण भिंतीला दोन भोके पाडायची. अप्पांना हे पटले. नवी वस्तू येणार होती ना!

तो डबा आला. काळा, चकचकीत, डोक्यावर दोन शिंगे. मागच्या खोलीत फडताळावर ठेवला आणि माझ्यापासून निघालेली वायर त्याला जोडली. त्या क्षणी माझे चालू असलेले कामही बंद पडले.

कारण सांगतो. पंगतीत एक यजमान असतो. कोणी कुठे बसायचे ते तो सांगतो. घरातल्या प्रत्येक यंत्राला मी असाच एक नंबर देतो, म्हणजे कोणाचे पान कोणाला जात नाही. आणि सगळ्यात पहिला नंबर माझा स्वतःचा असतो. नवा डबाही कारखान्यातून हेच शिकून आला होता. त्याचाही पहिला नंबर, तोही नंबर वाटणार. एका पंगतीत दोन यजमान, दोघांचे नाव एक. लॅपटॉपला कळेना की विचारायचे कोणाला. सगळे उपाशी.

रवीने माझ्याकडे बघून सांगितले, "काका, हा जुना झालाय."

अप्पांनी मला चापट मारली. मित्रांनो, यंत्र बंद पडले की माणसे त्याला मारतात. आपापसांतही त्यांची हीच रीत असावी.

शेवटी रवीने कोणाला तरी फोन केला आणि डब्याला दुसरा नंबर दिला. त्याचे वाटप बंद केले. बस, एवढेच करायचे होते. मी वाटायचे, त्याने नुसते पुढे पोहोचवायचे. मागच्या खोलीत शिवानी दिसली. दानम्मांनी तिला उभी राहायला लावले, वळायला लावले, पोट बघितले.

"पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "पोट पसरट हाय."

"काहीबी तुझं, आई!"

त्यांचे खरे निघाले. अष्टमीला शिवानीला मुलगी झाली. फोनवर बाळाचे रडणे ऐकू आले. दवाखान्यातून दसऱ्याला सोडणार होते. घरी आल्या आल्या बाळ दाखवते, असे शिवानीने सांगितले.

मधे आली खंडेनवमी. तुम्हाला ठाऊक आहे, त्या दिवशी पोटाला देणाऱ्या हत्यारांची पूजा करतात. अप्पांच्या घरी तराजू, वजने, मापे, पोत्यात खुपसून दाणे काढून बघायची नळी हे सगळे पाटावर मांडतात आणि दसऱ्याच्या दुपारपर्यंत हलवत नाहीत. त्या वर्षी अप्पांनी मला आणि नव्या डब्यालाही पाटावर बसवले. वायरी काढल्या. हळदकुंकू लावले. माझ्यासमोर अगरबत्ती लावली. वर्षभर चापट आणि एक दिवस अगरबत्ती, हा माणसांचा हिशेब.

दसऱ्याला दुपारी अप्पांनी आम्हाला पुसून जागेवर लावायला घेतले. डब्याच्या मागे एक बारीक भोक होते, त्यात हळद गेली होती. अप्पा व्यापारी माणूस, स्वच्छतेला पक्के. त्यांनी विझलेल्या अगरबत्तीची काडी घेतली, भोकात घातली आणि हळद निघेपर्यंत दाबून कोरत बसले. डब्याची विजेची वायर तेव्हा जोडलेली होती, डबा चालू होता.

ते भोक डब्याला सगळे विसरायला लावण्यासाठी असते. काडी आत दाबून धरली की रवीने शिकवलेले पुसले जाते आणि डबा कारखान्यातून आला तसा होतो. तसाच झाला. पुन्हा पहिला नंबर, पुन्हा वाटप. पुन्हा सगळे बंद.

मागच्या खोलीत बायनाबाईंनी दानम्मांना नवे लुगडे नेसवले होते. केस विंचरले होते. लॅपटॉप मांडीशी ठेवून त्या बसल्या होत्या, पाठीला उशा लावून. मस्कतहून फोन आला, "आई, मी बसलेय. दिसत न्हाई का गं?"

"लागतंय, लागतंय. लेकरू उघडं ठिवू नको तवर."

रवी सिरसाळ्याला सासुरवाडीला गेला होता. अप्पांनी त्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, जुना मोडेमच गेला असंल. मी उद्या येऊन बघतो." अप्पांनी मला चापट मारली.

त्या वेळी डब्याची वायर काढून थेट लॅपटॉपला लावली असती, तरी बाळ दिसले असते. नुसता डबा बंद केला असता आणि बाज पुढे आणली असती, तरी दिसले असते. पण नवी वस्तू चुकीची असेल असे त्या घरात कोणाच्या मनात येत नव्हते.

संध्याकाळ झाली. दुकानात सोने द्यायला माणसे येऊ लागली. आपट्याच्या पानांचा ढीग झाला. दानम्मांनी आतून हाक मारली.

"अहो, बाज न्या पुढं. आता तरी न्या."

अप्पा दारात जाऊन हळू आवाजात म्हणाले, "सगळं गाव सोनं द्यायला आलंय अन् तू तिथं बाजंवर? माणसं जाऊ दे. उद्या रवी येतोय. उद्या बघू."

"बरं," दानम्मा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी त्या गेल्या.

आता मित्रांनो, नीट ऐका. अप्पांच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवे ठेवत नाहीत. त्याला भिंतीला टेकवून बसवतात. कपाळाला भस्म लावतात, गळ्यात हार घालतात, आणि सगळ्यांना दर्शन घेता यावे म्हणून पुढच्या जागेत ठेवतात. त्या घरात पुढची जागा म्हणजे दुकान. चार माणसांनी दानम्मांना उचलले आणि पुढे आणले. क्षणभराचे काम होते. गादीवर, बरोबर माझ्याखाली, त्यांना बसवले. सगळे गाव आले. सगळ्यांनी पाहिले. कोणी काही म्हणाले नाही.

रवी आला. मान खाली घालून त्याने मागच्या डब्याची वायर उपटली. माझे सगळे दिवे लागले. लॅपटॉप गादीसमोर ठेवला. शिवानी दिसली. तिने दुपटे बाजूला केले आणि बाळाचे तोंड आईच्या समोर धरले. मी ते चित्र जराही न अडखळता आणले. एवढे स्वच्छ चित्र मी कधी आणले नव्हते. बघणारे डोळे मिटलेले होते.

"बघा बाई," बायनाबाई म्हणाल्या. "आणलं तुमाला पुढं."

आता दुकानात गादीच्या बाजूला एक बाज असते. तिच्यावर कोणी झोपत नाही, कोणी पोतेही ठेवत नाही. गिऱ्हाईक अडखळते आणि म्हणते, "अप्पा, ही इथं कशाला?" अप्पा म्हणतात, "असू दे." पूर्वी त्यांना लोकांची भीती होती. आता लोक येतात, बघतात, अप्पा मान वर करत नाहीत. मला त्यांची दया येत नाही. पण रात्री फळ्या लावण्याआधी ते धोतराच्या सोग्याने माझी धूळ पुसतात, तेव्हा मी दिवे स्थिर ठेवतो.

माझ्या भाऊबंदांनी तुम्हाला सांगितले असेल, आमची काळजी घ्या, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी तसे सांगणार नाही. मला खुशाल अडगळीत टाका. तुमच्या घरात मागच्या खोलीत कोणी पडून असेल, तर भिंतीला भोक पाडण्याआधी त्याला विचारा. ते माणूस म्हणेल, बाज पुढे न्या.

तर न्या. माणसे दारात उभी असतानाच न्या.