सत्यवचनी सिल्वेस्टर मास्तर

माघातले सकाळचे ऊन अजिंक्यताऱ्यावरून साताऱ्यात उतरे ते नुसता उजेड घेऊन. ऊब त्याच्यात नसे. सिल्वेस्टर मास्तरांचा आवाज तसाच होता: स्वच्छ, लखलखीत आणि थंडगार. गोव्याकडचे हे कॅथलिक गृहस्थ आमच्या भिंतीला भिंत लावून राहत, शाळेत इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी ओट्यावर बसून, कुणी विचारो न विचारो, सदाचरणाचे शास्त्र सांगत. विवेक, न्याय, धैर्य, संयम हे चार सद्गुण त्यांच्या ओठांतून असे घरंगळत, की जणू ते त्यांच्या वडिलार्जित मालकीचे मोती असावेत. हेतू कितीही उदात्त असो, मुळात वाईट असलेले कृत्य करू नये, हा त्यांचा आवडता सिद्धान्त. तो सांगताना ते तर्जनी उभी धरत. त्या बोटाने कुणाचे अश्रू पुसलेले मी कधी पाहिले नाहीत.

बेचाळीसचे वादळ उठले आणि माझा थोरला भाऊ भूमिगत झाला. पुढच्या वर्षी, पावसाळा सरता सरता, तो तापाने फणफणत घरी आला. आईने त्याला माळ्यावर, गवऱ्यांच्या पोत्यांआड निजवले. मास्तरांच्या पत्नीने, रोझाबाईंनी, भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकला आणि एक शब्दही न विचारता काढा आणून दिला. माळ्यावरचा तो खोकला मास्तरांच्याही कानी पडला होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी पोलीस आले. त्यांनी घर वरवर धुंडाळले. हाती काही लागले नाही. परत निघालेल्या फौजदाराने सहज ओट्याकडे पाहून विचारले, "काय मास्तर, यांच्याकडे कुणी आलंय का?"

"मी असत्य बोलत नाही," मास्तर म्हणाले. "माळ्यावर पाहा."

दादा तुरुंगातून सुटून आला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला होता. मास्तर रोझाबाईंना घेऊन भेटीला आले. इस्त्रीचा कोट, विंचरलेली मिशी आणि मुद्रेवर मोजून मापून आणलेले दुःख.

"वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण माझं मन निर्मळ आहे."

आई पलूसकडची. चुलीपुढून उठलीही नाही. "आवं मास्तर, खोटं बोला म्हून कोन म्हनलं हुतं तुमाला? नुसतं गप बसायचं हुतं की!"

चुकलेले गणित पाहून हसावे तसे मास्तर हसले. तेव्हा मागून रोझाबाई बोलल्या, "खोटं बोलू नको असं देवानं सांगितलंय. विचारील त्याला सांगत सूट, असं कुठं सांगितलंय? तो धर्म माझाही आहे. तुम्ही फौजदाराला भ्यालात, आणि त्या भीतीला सत्य म्हणालात."

मास्तर उठून गेले. रोझाबाई राहिल्या. त्यांनी तेल कोमट करून दादाचा हात मांडीवर घेतला. कित्येक ऋतू त्या रोज येत राहिल्या, आणि दादाला स्वतःच्या हाताने भाकरी मोडता येऊ लागली. पलीकडे ओट्यावर मास्तर सद्गुणांची थोरवी गातच राहिले. ऐकायला मात्र कुणी थांबेनासे झाले.

पुढे तिघेही गेले. दादाची आठवण आली की घास अडतो. रोझाबाई आठवल्या की डोळे भरतात. मास्तरही गेले, पण काळाला त्यांची उणीव कोरायला कुणाच्या काळजात जागाच सापडली नाही.